विश्लेषण : पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सतत का थरथरते? ती थरथर टिपायला पनवेलच्या शास्त्रज्ञांना अलिबागची शांतता का लागते?

होकायंत्राची सुई उत्तर दाखवते आणि स्थिर राहते, असे शाळेत शिकवले जाते. प्रत्यक्षात ती क्षणभरही पूर्ण स्थिर नसते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र काही सेकंदांच्या, काही मिनिटांच्या अंतराने किंचित वर-खाली होत असते. हा बदल इतका बारीक असतो की डोळ्यांना सुई हलताना दिसत नाही. नवी पनवेल येथे मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची, म्हणजेच ‘आयआयजी’ची उपकरणे मात्र तो टिपतात. या बारीक थरथरीचा संबंध उपग्रहांशी आहे, जमिनीखालच्या खडकांशी आहे आणि घरातल्या विजेशीही आहे. गंमत म्हणजे, ज्या विजेमुळे शंभर वर्षांपूर्वी ही उपकरणे मुंबईतून हलवावी लागली, त्याच विजेच्या जाळ्याला आज या नोंदींची गरज आहे.

ही थरथर म्हणजे नेमके काय?

चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक टेस्ला. पृथ्वीचे क्षेत्र फार कमकुवत असल्याने ते नॅनोटेस्लामध्ये, म्हणजे टेस्लाच्या अब्जाव्या भागात मोजतात. कोकणपट्टीत हे क्षेत्र ४० हजार नॅनोटेस्लाहून थोडे अधिक आहे. फ्रिजवर चिकटवायच्या छोट्या चुंबकाचे क्षेत्र जवळून मोजले तर त्याच्या शंभरपट भरते.

हे क्षेत्र तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी बदलते. पहिला बदल संथ असतो. पृथ्वीच्या गाभ्यातले वितळलेले लोखंड वाहत राहते आणि त्यामुळे वर्षानुवर्षे क्षेत्र हळूहळू सरकते. दुसरा बदल रोजचा. दिवसा उन्हामुळे वातावरणाच्या वरच्या थरात विद्युतप्रवाह वाहू लागतात आणि क्षेत्रात काही दहा नॅनोटेस्लांचा फरक पडतो. तिसरा बदल सर्वांत चपळ. ०.२ सेकंदापासून १० मिनिटांपर्यंतच्या कालावधीत क्षेत्र एकदा वर जाऊन खाली येते आणि हा झोका पुन्हा पुन्हा चालू राहतो. यालाच भूचुंबकीय स्पंदने म्हणतात.

आपल्याकडे या स्पंदनांची उंची बहुतेक वेळा एक नॅनोटेस्लाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. म्हणजे ४० किलोच्या पोत्यात एक ग्रॅमचा फरक. तोही काही सेकंदांत आला आणि गेला.

क्षेत्राला हलवते कोण?

याचे मूळ सूर्यात आहे. सूर्यापासून विद्युतभारित कणांचा झोत सतत बाहेर पडत असतो. त्याला सौरवारा म्हणतात आणि त्याचा वेग साधारण सेकंदाला ४०० किलोमीटर असतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र या वाऱ्याला अडवते. सूर्याच्या बाजूला ही सीमा पृथ्वीपासून सुमारे ६० ते ६५ हजार किलोमीटरवर असते. वारा जोरात आला की ती आत दबते, मंदावला की पुन्हा बाहेर फुगते.

समुद्रावरून वारा वाहिला की पाण्यावर लाटा उठतात. तसाच सौरवारा या चुंबकीय सीमेच्या कडेने घासून जातो आणि तिच्यावर लाटा उठतात. या लाटा चुंबकीय बलरेषांना हलवतात. बलरेषा दोन्ही टोकांना पृथ्वीशी जोडलेल्या असल्याने त्या तुणतुण्याच्या तारेसारख्या वागतात. तार लांब असेल तर स्वर खालचा, आखूड असेल तर वरचा. बलरेषांचेही तेच होते. ध्रुवांजवळच्या रेषा अवकाशात दूरवर जातात, त्यामुळे त्यांची स्पंदने संथ असतात. विषुववृत्ताकडच्या रेषा आखूड असल्याने त्यांची स्पंदने जलद असतात.

चुंबकीय बलरेषांवरून अशा लाटा धावू शकतात, हे स्वीडनचे शास्त्रज्ञ हानेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये गणिताने मांडले. चुंबकीय क्षेत्र आणि विद्युतभारित वायूंवरील कामासाठी त्यांना १९७० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

स्पंदनांचे प्रकार किती?

शास्त्रज्ञ दोन मुख्य गट मानतात. एक, न थांबता चालणारी सलग स्पंदने. त्यांना पीसी म्हणतात. दुसरा, अचानक येऊन विरणारी अनियमित स्पंदने. त्यांना पीआय म्हणतात.

सलग स्पंदनांचे कालावधीनुसार पाच प्रकार आहेत. पीसी-१ सर्वांत जलद, ०.२ ते ५ सेकंदांची. पीसी-२ ही ५ ते १० सेकंदांची, पीसी-३ ही १० ते ४५ सेकंदांची, पीसी-४ ही ४५ ते १५० सेकंदांची, तर पीसी-५ ही १५० ते ६०० सेकंदांची. पीसी-१ पैकी काहींचा आलेख मोत्यांच्या माळेसारखा दिसतो. उंची वाढते, कमी होते, पुन्हा वाढते. त्यामुळे त्यांना ‘मोती’ असेच नाव पडले आहे.

अनियमित गटातली पीआय-२ ही ४० ते १५० सेकंदांची स्पंदने भारतासाठी विशेष उपयोगाची आहेत. पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला चुंबकीय क्षेत्र शेपटासारखे लांब ओढले गेलेले असते. बेचकीचे रबर ताणून सोडावे तसे हे शेपूट मधूनच ताण सोडते. तेव्हा ध्रुवांकडे प्रकाशाचे झोत उजळतात आणि त्याच सुमारास दूर दक्षिणेला, अलिबागच्या अंधारातही, पीआय-२ चा ठसा उमटतो. अलिबागच्या आकाशात दिसत काही नाही, पण हजारो किलोमीटर वर काय घडले याची वर्दी आलेखावर मिळते.

या स्पंदनांचा शोध कधी लागला?

१ आणि २ सप्टेंबर १८५९ रोजी पृथ्वीवर अतिशय तीव्र चुंबकीय वादळ आदळले. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांनी १ सप्टेंबरला सूर्यावर तेजस्वी भडका पाहिला होता. त्यामुळे ते ‘कॅरिंग्टन वादळ’ म्हणून ओळखले जाते. त्या वेळी लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राची नोंद फोटोच्या कागदावर आपोआप होत होती. बाल्फोर स्ट्युअर्ट यांनी त्या नोंदी तपासल्या. वादळाच्या मोठ्या चढउतारांवर बारीक, नियमित लहरी स्वार झालेल्या त्यांना दिसल्या. १८६१ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे वर्णन हे या स्पंदनांचे पहिले वर्णन मानले जाते.

त्याच वादळाची नोंद मुंबईतही झाली. ईस्ट इंडिया कंपनीने कुलाब्यात १८२६ मध्ये वेधशाळा सुरू केली होती आणि १८४१ पासून तिथे चुंबकीय निरीक्षणे होत होती. १८५९ मध्ये तिथे फोटोची सोय नव्हती. निरीक्षक स्वतः उपकरणात डोळा लावून आकडे टिपून ठेवत. २ सप्टेंबरच्या सकाळी क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळल्याचे या वह्यांत आहे.

या वह्या दीडशे वर्षांनी पुन्हा कामी आल्या. आयआयजीचे शास्त्रज्ञ गुरबक्ष लखिना आणि शोभना अॅलेक्स यांनी अमेरिका व ब्राझीलमधल्या सहकाऱ्यांसोबत कुलाब्याच्या आकड्यांवरून कॅरिंग्टन वादळाची तीव्रता नव्याने तपासली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला तो शोधनिबंध या विषयात आजही आधाराला घेतला जातो.

मात्र डोळ्याने घेतलेल्या नोंदींची मर्यादाही इथेच कळते. एरवी तासातासाला आणि वादळात काही मिनिटांनी घेतलेल्या आकड्यांतून वादळ दिसते. दोन आकड्यांच्या मधे होऊन गेलेली २० सेकंदांची लहर दिसत नाही.

वेधशाळा कुलाब्याहून अलिबागला का गेली?

याचे उत्तर आहे ट्राम. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या जागी विजेच्या ट्राम आणायचे ठरले. ट्रामची वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी होती. ती वरच्या तारेतून येते आणि रुळांमार्गे परत जाते. परत जाताना तिचा काही भाग जमिनीत झिरपतो आणि वाट फुटेल तसा पसरतो. जिथे वीज वाहते तिथे चुंबकीय क्षेत्र तयार होते. ट्राम निघाली, थांबली, पुन्हा निघाली की हे क्षेत्रही बदलते. उपकरणाला ही ट्राम आहे की सूर्य, हे कळत नाही.

त्या वेळी कुलाबा वेधशाळेची धुरा नानाभॉय मूस यांच्याकडे होती. ते या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. त्यांनी समुद्रापलीकडे, मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेले अलिबाग निवडले. इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड वापरला गेला. कोकणातला काळा दगड का नाही? कारण त्यात लोहयुक्त चुंबकीय खनिजे असतात.

१९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली. मूस यांनी कुलाबा लगेच बंद केले नाही. दोन वर्षे, १९०६ पर्यंत, दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले. दोन जागांच्या आकड्यांतला फरक नेमका कळावा आणि जुनी नोंद नव्या नोंदीला जोडता यावी, हा हेतू. मुंबईत पहिली विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. तोवर उपकरणे सुखरूप पलीकडे पोहोचली होती. या दूरदृष्टीमुळेच कुलाबा आणि अलिबाग मिळून पावणेदोनशेहून अधिक वर्षांची नोंद आज हाताशी आहे. जगात इतकी लांब नोंद असलेल्या जागा फार थोड्या आहेत.

मग पनवेलमध्ये काय चालते?

कुलाबा-अलिबागच्या परंपरेतून १९७१ मध्ये आयआयजी ही स्वायत्त संस्था उभी राहिली. ती केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीत आहे. तिचे मुख्यालय आता कळंबोली महामार्गाजवळ, नवी पनवेलच्या सेक्टर १८ मध्ये आहे. देशभरातल्या वेधशाळांच्या आकड्यांचा अभ्यास, संगणकीय प्रारूपे, पीएचडीचे संशोधन असे काम इथून चालते. अलिबाग, नागपूर, राजकोट, जयपूर, शिलाँग, विशाखापट्टणम, तिरुनेलवेली, पोर्ट ब्लेअर अशा ठिकाणी संस्थेच्या वेधशाळा किंवा केंद्रे आहेत. अंटार्क्टिकातल्या मैत्री तळावरही तिची उपकरणे आहेत.

पनवेल हे अभ्यासाला सोयीचे असले तरी अशा बारीक मोजमापाला सोयीचे नाही. जवळच कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार, रात्रंदिवस धावणारे ट्रेलर, लोकल आणि एक्स्प्रेस गाड्यांचे जंक्शन. लोखंडाने भरलेला ट्रेलर जवळून गेला तरी उपकरणातला आकडा हलतो, आणि तो हलणे खऱ्या स्पंदनाहून मोठे असू शकते. म्हणून उपकरणे दूर, शांत जागी ठेवून आकडे मात्र शहरात मागवावे लागतात. वेधशाळेत मुख्य मोजमाप करणारी व्यक्तीही घड्याळ, किल्ल्या, मोबाइल, पट्ट्याचे बक्कल बाहेर ठेवूनच आत जाते.

एवढे करूनही गोंधळ राहतोच. तो ओळखायची सोपी युक्ती म्हणजे दोन ठिकाणच्या नोंदी शेजारी ठेवणे. आलेखातली लहर अलिबाग आणि नागपूर दोन्हीकडे जवळपास एकाच वेळी आली असेल, तर ती अवकाशातून आली. एकाच ठिकाणी आली असेल, तर कुंपणाबाहेरून एखादे वाहन गेले असेल.

उपकरणे किती बदलली?

जुन्या फोटोच्या कागदावर एका तासाची नोंद साधारण दीड-दोन सेंटिमीटरमध्ये मावत असे. म्हणजे एक मिनिट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जागेत. त्यात २० सेकंदांचे स्पंदन म्हणजे फक्त जरा जाड झालेली रेघ. आता डिजिटल मॅग्नेटोमीटर दर सेकंदाला नोंद घेतात. सर्वांत जलद स्पंदनांसाठी हजारो वेढ्यांच्या तारेची वेगळी गुंडाळी वापरतात. तिच्यातून जाणारे क्षेत्र बदलले की तिच्यात सूक्ष्म वीज निर्माण होते आणि ती मोजली जाते.

सामान्य माणसाचा याच्याशी काय संबंध?

गुंडाळीत जे घडते, तेच विजेच्या ग्रिडमध्येही घडते. बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत विद्युतदाब निर्माण करते. शेकडो किलोमीटर लांब पारेषण वाहिन्या दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मरमार्गे जमिनीशी जोडलेल्या असतात. या जोडणीतून नको असलेला प्रवाह आत शिरतो. तो जवळपास डीसीसारखा संथ असल्याने ट्रान्सफॉर्मरचा गाभा त्याने भरून जातो, तापतो आणि संरक्षण यंत्रणा गोंधळते. इथे क्षेत्र किती बदलले यापेक्षा किती वेगाने बदलले हे महत्त्वाचे असते. म्हणूनच जलद चढउतारांच्या नोंदी लागतात.

१३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्युबेक प्रांताचे ग्रिड चुंबकीय वादळात सुमारे दीड मिनिटात कोसळले. सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते. ऑक्टोबर २००३ च्या वादळात स्वीडनमधल्या माल्मो शहराची वीज गेली. त्याच वादळानंतर दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सफॉर्मरचे नुकसान झाल्याचे पुढे आले. हा देश ध्रुवांपासून दूर आहे, त्यामुळे हा धोका फक्त बर्फाळ देशांना आहे ही समजूत सैल झाली.

भारताला धोका कॅनडाइतका नाही. पण तो शून्यही नाही. तिरुनेलवेलीजवळून चुंबकीय विषुववृत्त जाते. तिथे दिवसा सुमारे १०० किलोमीटर उंचीवर विजेचा जोरदार पट्टा वाहतो आणि वादळाच्या सुरुवातीचा धक्का तिथे अधिक मोठा जाणवतो. शिवाय देशातल्या ७६५ केव्हीच्या वाहिन्यांचे जाळे वाढते आहे. वाहिनी जितकी लांब, तितका तिच्यात जमा होणारा दाब जास्त.

उपग्रहांचाही प्रश्न आहे. पीसी-५ ही संथ स्पंदने पृथ्वीभोवतीच्या इलेक्ट्रॉनना झोका देऊन त्यांचा वेग वाढवतात. हे वेगवान इलेक्ट्रॉन ३६ हजार किलोमीटरवरच्या दूरसंचार उपग्रहांच्या आत शिरून त्यांची सर्किट्स बिघडवू शकतात.

जमिनीखालचेही दिसते ते कसे?

या स्पंदनांचा थेट फायदाही आहे. ती जमिनीत शिरतात आणि खडकांत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण करतात. जलद स्पंदने वरच्या थरातच विरतात, संथ स्पंदने खोल जातात. जमिनीवर चुंबकीय आणि विद्युत असे दोन्ही बदल मोजले की खाली कोणता थर वीज वाहू देतो आणि कोणता अडवतो, हे कळते. ओला, भेगाळलेला खडक आणि कोरडा, अखंड खडक यांतला फरक यातून उमगतो. खोदकाम नाही, सुरुंग नाही. महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या बेसॉल्टखाली झाकलेला आहे. त्या थराची जाडी आणि त्याखालची रचना शोधायला ही पद्धत वापरली गेली आहे. कोयना परिसरही त्याला अपवाद नाही.

मग भूकंपाचा अंदाज देता येतो का?

नाही. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोमा प्रिएटा भूकंपाआधी जवळच्या उपकरणावर असामान्य चुंबकीय हालचाल नोंदली गेली होती. त्यावरून मोठ्या आशा निर्माण झाल्या. २००९ मधल्या फेरतपासणीत मात्र ती हालचाल उपकरणातल्या बिघाडामुळे असावी, असे निष्कर्ष आले. आजघडीला चुंबकीय स्पंदनांवरून भूकंपाची तारीख सांगणारी कोणतीही खात्रीशीर पद्धत नाही. तसा दावा करणारे मेसेज पुढे पाठवू नयेत.

डोकेदुखी, झोप न येणे याचे खापरही या स्पंदनांवर फोडले जाते. एमआरआय यंत्रात रुग्ण सर्रास दीड टेस्ला, म्हणजे दीडशे कोटी नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात काही वेळ पडून असतो. त्यापुढे एक नॅनोटेस्ला म्हणजे काहीच नाही. आणि फोनवरच्या अॅपमध्ये ही थरथर दिसेल का? तेही नाही. फोनमधल्या होकायंत्राच्या सेन्सरला साधारण शंभर नॅनोटेस्लाहून बारीक फरक कळत नाही.

पुढे काय?

१० आणि ११ मे २०२४ रोजी दोन दशकांतले सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ आले. लडाखमधल्या हानले येथून आकाशात लाल छटा दिसली. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर असलेल्या भारताच्या आदित्य-एल१ यानावर मॅग्नेटोमीटर आहे. सौरवारा आधी त्याच्याजवळून जातो आणि मग पृथ्वीवर पोहोचतो. वेगानुसार त्यातून अर्धा ते एक तासाची पूर्वसूचना मिळू शकते. पण तिकडून आलेल्या झोताने इथल्या जमिनीत नेमके काय केले, हे यानाला दिसत नाही. ते जमिनीवरच मोजावे लागते.

त्यासाठी शांत जागा हवी आणि तीच दुर्मीळ होत चालली आहे. रेल्वे, मेट्रो, उच्चदाब वाहिन्या, गोदामे, टॉवर यांची गरज कोणी नाकारत नाही. रायगड जिल्ह्यात तर हा विस्तार रोज डोळ्यांसमोर होतो आहे. उपकरण नवे घेता येते, बिघडले तर दुरुस्त करता येते. पण वेधशाळेची जागा एकदा हलवली की पूर्वीच्या नोंदीशी सांधा जुळवायला वर्षे जातात आणि आधी नोंद सुरू नसेल तर तो जुळतच नाही. मूस यांना दोन वर्षांची सवड मिळाली होती, कारण ट्राम येणार हे त्यांना आधीच ठाऊक होते. म्हणूनच वेधशाळेच्या आसपास काही उभारायचे असेल, तर त्याची खबर शास्त्रज्ञांना काम सुरू झाल्यावर नव्हे, नकाशा काढतानाच मिळायला हवी.